कशाचे शेकडा चाळीस?

“जरा ओवा दे गं, गॅसेस झालेत बहुतेक.”

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षातला गुरुवार. पहाटेचे पाच वाजले होते. घट मांडायचा म्हणून मी लवकर उठून ओटा आवरत होते. हे छातीवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभे. मी ओवा दिला, त्यावर काळं मीठ आणि कोमट पाणी दिलं, पाठीला बाम चोळला. त्यात पाऊण तास गेला. मग ह्यांचा सदरा घामानं चिंब झालेला दिसला आणि माझ्या पोटात धस्स झालं. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या मुलाला उठवलं, त्यानं गाडी काढली. आमच्या वाईच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि एकच वाक्य बोलले, “ताबडतोब साताऱ्याला न्या.”

ह्यांचं वय त्रेचाळीस. बँकेतली नोकरी, घराच्या कर्जाचे अजून नऊ वर्षांचे हप्ते, मुलगी सातवीत आणि मुलगा चौथीत. सगळं डोळ्यांपुढून सरकून गेलं. पण वेळेवर पोहोचलो. बंद पडलेली रक्तवाहिनी फुग्यानं उघडून त्यात स्टेंट बसवला. दुसऱ्या दिवशी ह्यांची ‘टू-डी इको’ नावाची तपासणी झाली आणि पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो. हातात औषधांची पिशवी आणि एक जाडजूड फाईल.

खरी गोष्ट सुरू झाली ती या फाईलपासून.

फाईलमधला एक आकडा

इकोच्या रिपोर्टात बाकी सगळं डोक्यावरून गेलं. कळली ती एकच ओळ: ‘एल.व्ही.ई.एफ. ४० टक्के’. दवाखान्यात गर्दी होती. सोडताना कुणी समजावून सांगितलं नाही आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नाही. घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांनी आपापला अर्थ लावला. एक जण म्हणाले, “म्हणजे हृदय निम्म्याहूनही कमी चालतंय.” दुसऱ्या म्हणाल्या, “साठ टक्के गेलंच म्हणायचं.” सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. आणि मी? मी शाळेत अर्धवेळ गणित शिकवते. रोज मार्क पाहणारी बाई! माझ्या मनानं घेतलं, शंभरात चाळीस. पस्तीसला पास, म्हणजे जेमतेम काठावर.

तेव्हापासून आमच्या घरात ह्यांना काचेच्या भांड्यासारखं जपणं सुरू झालं. पाण्याचा तांब्या उचलू द्यायचा नाही. माडीवरची खोली बंद करून खाली पलंग टाकला. मुलांनी मोठ्यानं हसायचं नाही. डॉक्टरांनी रोज थोडं थोडं चालायला सांगितलं होतं, तेही आम्ही बंद केलं. ह्यांनीही हाय खाल्ली. एकदा रात्री मला म्हणाले, “चाळीस टक्क्यांवर माणूस किती दिवस काढणार? नोकरीचा राजीनामा देऊन टाकतो. फंडाचे पैसे तरी तुमच्या हाती पडतील.” मी तोंड फिरवून रडले. उत्तर द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

महिन्याभरानं मी शाळेत जाऊ लागले. सातवीला शेकडेवारी चालू होती. एका मुलीनं वहीत नुसतंच लिहिलं होतं, ‘उत्तर: शेकडा चाळीस’. मी नेहमीप्रमाणे तिला रागावले, “अगं, कशाचे शेकडा चाळीस? आंब्यांचे, की पेट्यांचे? ‘कशाचे’ हे लिहिल्याशिवाय शेकडेवारीला काही अर्थ असतो का?”

बोलले आणि खडू हातातच राहिला. महिनाभर आमचं घर ज्या आकड्याच्या धाकात जगत होतं, त्याला मी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

पाऊण कप आणि पाच लिटरचा डबा

पुढच्या तपासणीला मी वहीत प्रश्न लिहूनच नेले. इको करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे त्या दिवशी थोडा वेळ होता. “बाई, हे चाळीस टक्के कशाचे?” असं मी विचारताच त्या हसल्या आणि कागद ओढून समजावू लागल्या. त्यांनी सांगितलेलं मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगते.

आपल्या हृदयात चार कप्पे. वरचे दोन लहान, त्यांना कर्णिका म्हणतात. खालचे दोन मोठे, त्या जवनिका. सगळ्या शरीराला रक्त पोहोचवण्याचं काम डाव्या जवनिकेचं. रिपोर्टातलं ‘एल.व्ही.’ म्हणजे हीच डावी जवनिका. ती सैल पडते तेव्हा तिच्यात साधारण १२० मिलीलिटर रक्त भरतं. आपला चहाचा पाऊण कप म्हणा ना. मग ती आवळते आणि त्यातलं सुमारे ७० मिलीलिटर बाहेर ढकलते. उरलेलं आतच राहतं. म्हणजे निरोगी हृदयसुद्धा सगळं रक्त कधीच बाहेर टाकत नाही!

आता गणित करा. एकशेवीसपैकी सत्तर म्हणजे शेकडा अठ्ठावन्न. हाच तो ई.एफ., इजेक्शन फ्रॅक्शन. भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती हिस्सा बाहेर पडतो, एवढंच तो सांगतो. धडधाकट माणसाचा हा आकडा साधारण ५५ ते ७० असतो. शंभर कुणाचाच नसतो. म्हणजे आमचे चाळीस हे शंभरातले नव्हते, साठेकातले होते! शक्ती कमी झाली होती हे खरं, पण ‘साठ टक्के हृदय गेलं’ हे साफ खोटं.

दुसरी गंमत पाहा. मिनिटाला सत्तर ठोके आणि दर ठोक्याला सत्तर मिलीलिटर, म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच लिटर रक्त. तेलाचा पाच लिटरचा डबा डोळ्यांपुढे आणा. समजा एखाद्याची जवनिका ताणून मोठी झाली आणि तिच्यात १७५ मिलीलिटर रक्त मावू लागलं, तर चाळीस टक्क्यांनीही सत्तर मिलीलिटरच बाहेर पडतं. पण असं ताणलेलं हृदय पुढे थकत जातं, म्हणून डॉक्टर नुसता ई.एफ. पाहत नाहीत, जवनिकेचा आकारही मोजतात. एका आकड्यावरून कुणी रोग्याचं भविष्य सांगू लागलं तर ऐकू नका.

जहाजाच्या कारखान्यातून छातीपर्यंत

इको म्हणजे प्रतिध्वनी. पाचगणीच्या कड्यावर उभं राहून हाक मारली की समोरच्या डोंगरावर आपटून ती परत येते ना, तसंच. आपल्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. या यंत्राच्या दांडीतून सेकंदाला वीस ते पन्नास लाख कंपनांचा ध्वनी छातीत जातो. तो हृदयाच्या भिंतींवर, झडपांवर आपटून परत येतो. परत यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढतं आणि पडद्यावर हलतं चित्र उमटवतं. यात क्ष-किरण नसतात, सुई नसते. बाळंतपणाच्या वेळी आपण जी सोनोग्राफी करतो, तिचंच हे भावंड. म्हणून तर इकोच्या खोलीतही गर्भलिंग निदान केले जात नाही, अशी पाटी दिसते. १९९४ चा तो कायदा सोनोग्राफीच्या यंत्रांना लागू आहे.

ही युक्ती निघाली स्वीडनमध्ये. लुंड शहरात इंगे एडलर नावाचे हृदयरोगाचे डॉक्टर होते. शस्त्रक्रियेच्या आधी हृदयाची झडप किती बिघडली आहे ते छाती न उघडता कसं कळावं, ही त्यांची अडचण. त्यांनी ती हेल्मुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला सांगितली. पोलादात भेग आहे का, हे ध्वनीनं तपासणारं एक यंत्र माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यात होतं. हर्ट्झनी ते पाहिलं. मग तसंच एक यंत्र सीमेन्स कंपनीकडून मिळवून २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी धडधडणाऱ्या हृदयाचा पहिला आलेख घेतला. पोलादाची भेग शोधणारं यंत्र माणसाच्या काळजाला लावायचं, हे सुचायलाही धाडस लागतं! १९७७ साली दोघांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आज पडद्यावर लाल-निळे रंगही दिसतात. घाबरू नका, ते शुद्ध-अशुद्ध रक्त नव्हे. दांडीच्या दिशेनं येणारं रक्त लाल आणि दूर जाणारं निळं, असा तो संकेत. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी आणि दूर जाणारीची उतरती ऐकू येते, हे तत्त्व ऑस्ट्रियाच्या ख्रिस्तिअन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलं. त्यावरूनच रक्ताचा वेग आणि दिशा कळते.

आणि ई.एफ. काढतात कसा? डॉक्टरीणबाईंनी जवनिकेची कड पडद्यावर आखून दाखवली. संगणक तिच्या आडव्या चकत्या कल्पितो, आपण काकडीच्या करतो तशा. प्रत्येक चकतीचं आकारमान काढून बेरीज करतो. एकदा हृदय भरलेलं असताना आणि एकदा आवळलेलं असताना. दोहोंतला फरक म्हणजे बाहेर पडलेलं रक्त. कड हातानं आखायची, म्हणून दोन ठिकाणच्या तपासण्यांत पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडू शकतो. चाळीसचे त्रेचाळीस झाले म्हणून पेढे वाटू नयेत आणि अडतीस झाले म्हणून रडूही नये. शक्यतो पुढची तपासणी पहिल्याच ठिकाणी करावी.

झटक्यानंतर इको काय पाहते?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या तीन मुख्य रोहिण्या. प्रत्येकीचा भाग ठरलेला, जसे नळाच्या पाण्याचे वॉर्ड. एक बंद पडली की तिच्या वॉर्डातली भिंत नीट हलत नाही. ह्यांची पुढची भिंत आणि टोकाकडचा भाग मंद हलत होता. पडद्यावर मला अडाण्यालाही ते दिसलं: मागची भिंत झोकात आत येत होती, पुढची नुसती थरथरत होती.

मग मी भीत भीत विचारलं, “हा भाग मेला का?” उत्तर ऐकून जीवात जीव आला. रक्त तुटलेला सगळाच स्नायू मरत नाही. काही भाग नुसता बधिर होतो. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात बधिर होतो आणि मग हळूहळू मुंग्या येऊन जागा होतो, तसंच काहीसं. हा बधिर भाग जागा व्हायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशीचा ई.एफ. हा शेवटचा निकाल नव्हे, ती फार तर पहिली चाचणी परीक्षा! औषधं नीट घेऊन दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा इको करतात, ती खरी महत्त्वाची. तेव्हाही आकडा ३५ किंवा त्याखाली राहिला, तर ठोके अचानक बिघडण्याचा धोका असतो. मग झटका देऊन ठोके ताळ्यावर आणणारं छोटं यंत्र छातीत बसवावं का, याचा विचार डॉक्टर करतात. म्हणून ही दुसरी तपासणी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून टाळायची नाही.

इको आणखीही काही पाहते. झटक्यामुळे झडपेला धरून ठेवणारा स्नायू दुबळा झाला तर झडप गळू लागते, ते दिसतं. जवनिकेचा एखादा कोपरा हलेनासा झाला की तिथं रक्त साकळून गुठळी होऊ शकते. दूध ढवळलं नाही की साय धरतं, तसं म्हणा. अशी गुठळी दिसली तर वेगळं औषध द्यावं लागतं. हृदयाभोवती पाणी साठलंय का, हेही समजतं.

पण एक गोष्ट इको सांगत नाही. रोहिण्यांमध्ये अडथळे किती, हे तिच्यात दिसत नाही. त्यासाठी अँजिओग्राफी. त्यामुळे ‘इको नॉर्मल आहे, म्हणजे काळजी नाही’ असं समजून छातीतल्या दुखण्याकडे कुणी दुर्लक्ष करू नये.

तपासणीला जाताना

उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. छातीवरून केली जाणारी साधी इको खाऊनपिऊन करता येते. नेहमीची औषधं चुकवू नका. आधीचे सगळे रिपोर्ट तारखेवार लावून न्या. साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. डाव्या कुशीवर झोपवतात, छातीला गार जेली लावतात. दांडी थोडी दाबावी लागते, दुखत मात्र नाही.

आपल्यापैकी कुणाची तपासणी असेल तर पुढून उघडणारा ब्लाउज किंवा कुर्ता घाला, वर घ्यायला ओढणी न्या. स्त्री डॉक्टर नसेल तर नर्सला किंवा घरातल्या बाईला खोलीत थांबू द्या, असं स्पष्ट सांगा. संकोचापायी इको पुढे ढकलणाऱ्या बायका मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. नवऱ्याची फाईल आपण जिवापाड सांभाळतो आणि स्वतःची चिठ्ठी मात्र मिसळणाच्या डब्याखाली! बायकांना झटका येताना छातीत दुखतंच असं नाही. दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, नुसता विलक्षण थकवा, असंही होतं. पित्त म्हणून अंगावर काढू नका.

डॉक्टरांना हे पाच प्रश्न जरूर विचारा आणि उत्तरं तिथंच लिहून घ्या: ई.एफ. किती आणि मागच्यापेक्षा काय फरक? कोणती भिंत कमी हलते? जवनिका मोठी झाली आहे का? झडप गळते का, गुठळी आहे का? पुढची इको कधी आणि तोवर चालणं, जिना, कामावर जाणं, यातलं काय चालेल?

घरी आल्यावर

आकडा सुधारण्याचं निम्मं काम आपल्या हातात असतं. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एक दिवसही चुकू देऊ नयेत आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत, मग कुणी कितीही रामबाण काढा सुचवो. मी कॅलेंडरवर रोजच्या गोळ्यांची खूण करते. पापड, लोणचं, फरसाण बंद केलं, आमटीत मीठ निम्मं केलं. पहिले चार दिवस ह्यांनी नाक मुरडलं, आता लिंबू पिळून मुकाट्यानं खातात. तंबाखू तर घराबाहेरच.

रोज सकाळी चहाच्या आधी वजन करून लिहून ठेवावं. दोन-तीन दिवसांत एकदम दोन किलो वाढलं, पायावर सूज आली, रात्री आडवं झाल्यावर दम लागू लागला, तर अंगात पाणी साठत असण्याचा संभव असतो. लगेच डॉक्टरांना कळवा. आणि पुन्हा छातीत दुखलं, घाम फुटला, तर ओवा शोधत बसू नका. १०८ ला फोन करा. तो पाऊण तास मी आजही विसरलेले नाही.

चालण्याबद्दल तर मी तुमची क्षमाच मागायला हवी. मायेपोटी ह्यांना पलंगावर बसवून ठेवलं, ती माझीच चूक. झटक्यानंतर डॉक्टर सांगतील त्या बेतानं रोज चालणं, हा औषधाइतकाच उपचार आहे. त्या दिवशी साताऱ्याहून परत आल्यावर आम्ही माडीची खोली उघडली. हे पहिल्या दिवशी अंगणात दहा मिनिटं चालले. मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग गणपतीच्या घाटापर्यंत. राजीनाम्याचा अर्ज मी बोहारणीला द्यायच्या कपड्यांत कोंबून टाकला.

होळीच्या आठवड्यात पुन्हा इको झाली. ई.एफ. एकोणपन्नास. पुढच्या भिंतीचा एक लहान भाग मंदच राहिला आहे आणि तो तसाच राहील, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. सगळ्यांचाच आकडा वाढतो असंही नाही, हेही त्या बोलल्या. पण न वाढलेल्यांसाठीही आज चांगली औषधं आहेत आणि ती नियमानं घेणारी माणसं संसार करतात, नोकऱ्या करतात.

गुढीपाडव्यापासून हे बँकेत जाऊ लागले. परवा घरी आलेल्या पाहुण्यांनी चुकचुकत विचारलं, “एकोणपन्नासच टक्के का हो?” मी तोंड उघडण्याआधीच आमची सातवीतली लेक आतून ओरडली, “कशाचे, ते आधी विचारा ना काका!”

मैत्रिणींनो, रिपोर्टातला आकडा पाहून पदर डोळ्याला लावण्याआधी तुम्हीही एवढं विचारा.